तुतीच्या सॉसचा अंगठा

५ मार्च

भिंगरे,

पत्राची सुरुवात आशीर्वादानं करायची असते, असं समोर बसलेली बाई म्हणते. आशीर्वाद शेवटी देईन, पत्र मनासारखं झालं तर. आधी कामाचं बोलू.

तू विचारलंस, आजी, केकवर आणि कस्टर्डवर ओतायचा तो तुझा तुतीचा सॉस कसा करायचा, नीट मापानं सांग. माप? मला जसं अक्षर येत नाही तसं मापही येत नाही. इतकी वर्षं त्या सॉसची पातेली चाटून पुसून लख्ख करून ठेवायचीस, एकदा तरी वाटलं का तुला, जरा म्हातारीच्या हाताकडे बघावं? तुझं लक्ष सगळं चमच्यावर.

तर ऐक. तुती पिकलेली घे, काळीभोर, हात लावला की बोटं रंगवणारी. लाल दिसली तर ती अजून शाळेत आहे, तिला घरी आणू नकोस. देठ काढ. कंटाळा आला तरी सगळे काढ. साखर तुतीच्या निम्म्याहून कमी, आणि पाणी फक्त पातेल्याचा तळ ओला होईल एवढं, कारण तुती स्वतःच भरपूर रडते. आच मंद. फुटायला लागली की चमच्याच्या पाठीनं काही दाब, काही तशीच सोड. सगळी दाबलीस तर त्याचा काढा होतो. मग थोडं लिंबू आणि मिठाची चिमूट. हसू नकोस, मीठ घाल. झाला की नाही ते बघायला थंड बशीवर एक थेंब टाक आणि मधून बोट ओढ. बोटाची वाट तशीच राहिली तर उतरव, मिटली तर थांब. आणि तुझ्या मनाला पटेल त्याच्या जरा आधीच गॅस बंद कर, कारण गार झाला की तो आणखी दाटतो. बस, एवढंच. यात शिकवण्यासारखं काही नाही, म्हणून तर तुला जमेल.

फोन केला नाहीस ते बरं केलंस. फोनवर मला हल्ली फक्त मधमाश्या ऐकू येतात.

आता ही समोरची कोण, ते सांगते. तुझा बाप गेल्यापासून मला एकच मुलगा उरला, तो तुझा काका, आणि त्यानं माझ्यावर एक बाई नेमली आहे. राहायलाही इथंच. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, गोळी वेळेवर. मी तिला घड्याळबाई म्हणते. तिला नाव आवडलेलं नाही, पण लिहिते आहे बिचारी. अक्षर कसं आहे ग तिचं? मला तर सगळ्या मुंग्यांच्या रांगा. मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलं आहे: मी बोलेन ते शब्दाला शब्द लिहायचं. तिला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर ते खाली, वेगळं.

सही म्हणून अंगठा सॉसमध्ये बुडवून उठवते आहे. शाईपेक्षा बरा. तूही करशील तेव्हा एक थेंब पत्रावर टाकून पाठव. मी चाटून सांगेन कुठं चुकलीस ते.

बरं, घे आशीर्वाद.

तुझी आजी


१२ मार्च

प्रिय आजी,

पहिला सॉस करपला. दुसरा पातळ झाला. तिसऱ्याचा थेंब खाली टाकला आहे, तो वाळेपर्यंत मी पत्रावर फुंकर मारत बसले होते. घरमालकीण दारातून विचारून गेली, पोरी, कागदावर कसला मंत्र मारतेस?

माझी खोली तुला माहीत आहे, शेगडी खिडकीत, खिडकी रस्त्यावर. चष्म्याच्या दुकानातून आले की दिवसभर दुसऱ्यांचे डोळे बघून माझेच दुखत असतात, तरी रोज पातेलं ठेवते, कारण पुढच्या महिन्यात त्याची आई माझ्याकडे जेवायला येणार आहे. "त्याची" म्हणजे कुणाची ते तू विचारशील, म्हणून आधीच सांगते, विचारू नकोस.

काकाचा फोन आला होता. म्हणाला, तू एकदा गॅस चालू ठेवून अंगणात गेलीस. दुपारभर खुर्चीत झोपलेली असतेस म्हणे, हाक मारली तरी उठत नाहीस. त्याच्या आवाजात खरीच काळजी होती, आजी. मला पहिल्यांदाच वाटलं की तू म्हातारी झालीस. खरं काय ते मला सांग.

तुझी भिंगरी


२० मार्च

भिंगरे,

चाटला. कागदासकट. घड्याळबाईनं तोंड फिरवलं, तिला वाटलं म्हातारी आता पाकीटही खाईल.

पाणी जास्त, आच मोठी, आणि ढवळताना तू दुसरीकडे बघत होतीस. कुणाकडे ते विचारत नाही, तूच नको म्हणालीस. पण त्याच्या आईचं एक सांगते. केक तिला जरा कोरडाच वाढ आणि सॉस वेगळ्या भांड्यात समोर ठेव. बाईनं स्वतःच्या हातानं ओतून घेतला की तिला वाटतं आपणच केलाय. मग नावं ठेवत नाही.

गॅस एकदा राहिला, खरं आहे. तुझा काका लहानपणी नळ चालू ठेवून खेळायला गेला होता, माझ्या चपला घरात पोहत होत्या. मी त्याच्यावर बाई नेमली नव्हती.

झोपेचं मात्र मला कळत नाही. मी दुपारी झोपणारी बाई नव्हे, तुला माहीत आहे. दुपारी मी शेजारपाजारच्यांची झोप मोडणारी बाई. आता जेवण होतं, कस्टर्डवर सॉस घालून वाटी समोर येते, आणि वाटी खाली ठेवायच्या आत खुर्ची मला गिळून टाकते. काल उठले तर बाहेर उजेड कमी. मी दात घासले, घड्याळबाईला म्हटलं, चहा टाक. ती म्हणाली, "आजी, संध्याकाळ आहे." हसून म्हणाली असती तर मीही हसले असते. ती भिंतीकडे बघत होती.

आणि एक. सॉस आता तीच करते. म्हणते, तुमचे हात थरथरतात, भाजून घ्याल. रंग छान, दाटपणा छान, चटकन शिकली. पण शेवटी कडू लागतो. तोंडात घेतल्यावर नाही, गिळल्यावर, जिभेच्या पार मागं. लिही ग. थांबलीस का? कडू. क-डू.

अंगठा या वेळी जाड उठवते आहे. मी तुझा चाटला, आता तू माझा चाट, म्हणजे फिटंफाट.

तुझी आजी

(आजी म्हणाल्या तसं लिहिलं आहे. या वयात तोंडाची चव बदलते, असं डॉक्टरसाहेब म्हणाले आहेत. — मदतनीस)


२८ मार्च

प्रिय आजी,

तुझ्या टोमण्यांमुळे सॉस सुधारला. आता बोटाची वाट राहते.

कडूचं मी इथं दोघींना विचारलं. एक म्हणाली देठ राहिले असतील, दुसरी म्हणाली लिंबाच्या बिया सॉसमध्ये शिजल्या की कडू होतं. घड्याळबाई, हे तुमच्यासाठी: लिंबू पिळताना कृपा करून बिया काढून टाकत जा. आणि तुमचे आभार कसे मानू? तुम्ही तिथं आहात म्हणून मी इथं शांत झोपते.

आजी, रागावू नकोस, पण काकानं एक जागा बघितली आहे. तुझ्या वयाच्या माणसांसाठी. स्वतंत्र खोली, बाग, रात्रंदिवस नर्स. मी म्हटलं, बघून यायला काय हरकत आहे? तू संध्याकाळची सकाळ समजतेस, आणि मी इतकी लांब. मला भीती वाटते ग.

अंगठा चाटायचं मात्र मला जमणार नाही. टपालातून आलेला कागद, किती जणांचे हात लागलेले! तुझी दोन्ही पत्रं मी खिडकीच्या काचेला चिकटवली आहेत. ऊन आलं की दोन्ही अंगठे जांभळे दिसतात. सुंदर दिसतात.

तुझी भिंगरी


६ एप्रिल

भिंगरे,

खिडकीला लावलीस. म्हणजे मी काय कॅलेंडर आहे?

तुझा काका म्हणाला, बाग बघून ये. बाग माझी इथं आहे. तुतीचं झाड कुणी पाडलं ते जरा विचार, मला दिसत नाहीये.

(झाड आहे. आजी दुसऱ्या खिडकीतून बघत होत्या. — मदतनीस)

काय सांगत होते मी? हां. तुझ्या बापाला म्हणावं, येताना दार लावून घे. नाही, नाही. तो कुठला आता. बघ, तो नाही हे मला ठाऊक आहे, पण जीभ पुढं पळते आणि मी मागून धापा टाकत येते. असं माझं कधी झालं नव्हतं. तुम्ही सगळे म्हणता वय झालं. वय काय रोज जेवणानंतरच होतं?

परवा मी वाटी सांडली. मुद्दाम. आणि दुपारभर टक्क जागी. शेजारच्या सुताराशी कुंपणावरून भांडले, त्याच्या रंध्याच्या आवाजावरून. इतकं छान भांडण वर्षभरात झालं नव्हतं. संध्याकाळी तुझा काका आला, घड्याळबाईनं त्याला वाटीचं सांगितलं. काल तो समोर बसला आणि त्यानं चमचा स्वतः धरला. आई, एक घास. आई, आणखी एक. मी त्याला असंच भरवलं होतं ग, पण मी तेव्हा गाणं म्हणायचे. तो घड्याळ बघत होता.

घड्याळबाई, हात का थांबला? लिही. कबूल केलंस ना? मी तुझ्यावर चिडलेली नाही. तुझी चहाडी करायला माझ्याकडे दुसरा हात नाही, म्हणून तुझ्याच हातानं करते आहे.

भिंगरे, सॉस बघायचा नसतो. खिडकीवरून काढ आणि चाट.

आजी


११ एप्रिल

काका,

दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आजीच्या पत्रांवर तिच्या अंगठ्याचा सॉस असतो. मी तो चाटला. हसू नकोस, तिनंच सांगितलं होतं. मार्चच्या पहिल्या पत्रावरचा गोड होता, जुना झाला तरी गोड. दुसऱ्याचा कडू. आणि परवा आलेल्या पत्रावरचा इतका कडू की मी चूळ भरली, चहा प्यायले, तरी जिभेच्या मागून चव जाईना. लिंबाच्या बिया अशा नसतात. मी सकाळपासून तुतीत बिया शिजवून बघते आहे.

ती मदतनीस आजीच्या खाण्यात काहीतरी घालते आहे. का, ते मला माहीत नाही. पण आजी एवढ्यात अशी का झाली, याचं उत्तर त्या वाटीत आहे. तू जवळ राहतोस, काका. पत्र मिळेल तसा जा. आजीला त्या बाईबरोबर एकटं ठेवू नकोस. मी सुट्टी मागितली आहे, मिळेपर्यंत मला फक्त तुझाच भरवसा आहे.

भिंगरी


१६ एप्रिल

प्रिय भिंगरी,

मी जाऊन आलो. काळजीचं काहीही कारण नाही. बाई अत्यंत जबाबदार आहेत. आईला भास होतात, कडू लागणं हा त्यातलाच प्रकार, आणि तू इतक्या लांबून ते भास स्वतःला लावून घेऊ नयेस. जुन्या कागदावरचं काहीही तोंडात घालणं चांगलं नाही.

नव्या जागेचं नक्की झालं आहे. महिनाअखेरच्या रविवारी तिला नेतो आहे. तू येऊ नकोस. तुला बघितलं की ती हट्टाला पेटेल आणि त्रास तिलाच होईल. तुझी खात्री व्हावी म्हणून तिचंच पत्र सोबत पाठवतो आहे.

काका

(सोबतचं पत्र)

चि. भिंगरी हिस,

माझी प्रकृती उत्तम आहे. येथे माझी सर्व प्रकारे काळजी घेतली जाते. नवीन जागी जाण्यास मला आनंदच आहे. मागील पत्रांत माझ्याकडून काही चुकीचे लिहिले गेले असल्यास मनावर घेऊ नये. तू आपल्या कामाकडे लक्ष द्यावे. येथे येण्याची तसदी घेऊ नये.

तुझी आजी


१९ एप्रिल

घड्याळबाई,

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. आजीला वाचून दाखवू नका, आणि काकाला तर नकोच.

आजीच्या नावानं आलेल्या पत्रात एकही टोमणा नव्हता. माझी आजी मला "तसदी घेऊ नये" म्हणेल? ती म्हणेल, येऊ नकोस, आलीस तर पातेली घासायला लावीन. अंगठा तिचाच आहे, मी ओळखते. पण ती अंगठा उठवते तेव्हा घाईत ओढते, बाजूला फराटा येतो. हा मात्र सरळ होता. कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

आणि तो मी चाटला. गोड होता. इतका गोड की मी पुन्हा चाटून खात्री केली. त्या एका पत्रासाठी वेगळा सॉस घेतला गेला, म्हणजे मी अंगठा चाटून बघितलाय, हे तिथं कुणाला तरी माहीत होतं. आणि ते मी फक्त काकाला कळवलं होतं.

मी तुमच्यावर संशय घेतला. तो पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण आजीची चहाडी तुम्ही तुमच्याच हातानं लिहून मला पाठवलीत, हे मला आत्ता उमगतं आहे. मला सुट्टी मिळाली आहे. शुक्रवारी निघते. तोवर एकच करा. ती वाटी तिला देऊ नका.

भिंगरी


२२ एप्रिल

ताई,

जमल्यास शुक्रवारच्या आधी निघा. साहेबांना सांगितलेलं नाही.

गोळ्या डॉक्टरांच्याच आहेत, रात्रीच्या झोपेसाठी, अर्धी. साहेब म्हणाले दिवसाही द्या. ती फिरते, पडेल, घर पेटवून घेईल. कडू लागतात म्हणून कुटून सॉसमधून द्यायच्या. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. मी म्हटलं डॉक्टरांना विचारू या, ते म्हणाले विचारलंय. विचारलं नव्हतं. शेवटचं पत्र साहेबांनी सांगितलं. आजी झोपेत होत्या, अंगठा मी धरून उठवला.

पण त्याआधीच्या पत्रांतलं एक अक्षर मी बदललं नाही. मला वाटायचं, तुम्ही वाचताय. तुम्ही मला लिंबाच्या बिया काढायला सांगितलंत.

आज वाटीत काही घातलं नाही. पण साहेब येतात तेव्हा वाटी संपेपर्यंत समोरून उठत नाहीत, आणि गोळी त्यांच्या देखत कुटायला लावतात. परवा ते येणार आहेत. परवा मी काय करेन ते मला सांगता येत नाही.

मदतनीस


२६ एप्रिल

मुला,

अक्षर ओळखीचं वाटतंय ना? तुझी पुतणी लिहिते आहे. तू परवा दुपारी आलास तेव्हा दारात जिनं तुला अडवलं आणि जिला बघून तू उंबऱ्यावरूनच परत फिरलास, तीच. माझ्या पायथ्याशी मांजरासारखी झोपते आणि मध्येच उठून माझ्या नाकापुढं हात धरते, श्वास चालू आहे का म्हणून. त्यानं मला झोप येत नाही. झोप न येणं किती सुखाचं असतं ते तुला सांगून कळणार नाही.

तिला पोलिसांत जायचं आहे. मी म्हटलं, थांब, तो आधी माझा मुलगा आहे, मग तुझा काका. मला आधी बोलू दे.

ओरडणार नाही. तू का केलंस ते मला कळतं, हेच तर वाईट आहे. मी दाराशी यायला उशीर केला की तुझ्या डोळ्यांपुढं सगळं घर जळतं. तुझ्या भावाच्या वेळी तू लांब होतास, ते तू स्वतःला अजून माफ केलं नाहीस. मी खुर्चीत गप्प पडलेली असले की तुला तिकडे रात्री झोप लागते. तुझी झोप तू माझ्या वाटीत घालत होतास, बाळा.

घड्याळबाईलाही मी सांगितलं, लिहीत होतीस ते खरं, आणि घालत होतीस तेही खरं. ती रडली. मी तिला कांदे चिरायला दिले, म्हटलं रडायचंच आहे तर काम तरी होऊ दे.

आता तुझं. रविवारी मला न्यायला येणार आहेस ना? ये. बॅग भरून दाराशी ठेवते. जाण्याआधी कस्टर्ड खाऊ, वर सॉस. माझ्या वाटीत जेवढं घालायला सांगत होतास तेवढंच तुझ्या वाटीत असेल, कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. तू घड्याळबाईला म्हणायचास ना, साधी गोळी आहे, माणसाला शांत वाटतं. खाऊन दाखव. मी समोर बसेन, वाटी संपेपर्यंत उठणार नाही. खाल्लीस तर मी मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसेन, वाटेत एक टोमणासुद्धा मारणार नाही. आणि नाही खाल्लीस तर का नाही, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

पोरगी हे लिहायला तयार नव्हती. म्हणते, आजी, असला शब्द देऊ नकोस, तो खाईल. मी म्हटलं, खाणार नाही. मी त्याला जन्म दिलाय.

एकटा ये.

आई


५ मे

भिंगरे,

हे अक्षर कुणाचं ते ओळख. शाळेत असल्यासारखा पाठ ताठ करून लिहितो आहे. त्यालाही सांगितलंय, शब्दाला शब्द.

त्या रविवारी तो आला नाही. तू सुट्टी संपेपर्यंत दाराकडे बघत बसलीस, आणि तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, जेवणाच्या वेळेला गाडी दारात. घड्याळबाईच्या हातातून झाकण पडलं. मला वाटलं, तू गेलीस हे बघूनच आला, आता मला उचलून नेणार. तो चपला काढून आत आला, टेबलाशी बसला आणि म्हणाला, "वाटी आण."

मी घाबरले, भिंगरे. तो नाही म्हणेल, यावरच मी सगळं लावलं होतं. घड्याळबाई माझ्याकडे बघत राहिली. मी शब्द दिलेला. म्हटलं, घाल, मला घालायचीस तेवढं.

त्यानं खाल्लं. शेवटी तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, जिभेच्या मागं ना? त्यानं वाटी पुसून खाल्ली, लहानपणी खायचा तशी. मग मी शाल घेतली, बॅग उचलली, म्हटलं, चल. तो उठला, खिशात किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती. पुन्हा बसला. मग डोकं टेबलावर गेलं, धाडकन, एवढा मोठा माणूस. किती रात्री जागत होता कोण जाणे.

मी बॅग मांडीवर घेऊन समोर बसून राहिले. एकदा वाटलं, श्वास थांबला. घड्याळबाई म्हणाली, डॉक्टरांना बोलावते. डॉक्टर आले, नाडी बघितली, म्हणाले, उठतील, हे यांनी घेतलं कसं? मी म्हटलं, माझं औषध त्यानं चाखून बघितलं. मग त्यांनी विचारलं, तुमचं म्हणजे? तुम्ही हे दिवसा घेत होता? माझ्या आधी घड्याळबाई बोलली. सगळं बोलली. डॉक्टर खुर्ची ओढून बसलेच.

दिवे लावायच्या वेळेला तो उठला. डोळे माझ्यावर, पण मी त्याला दिसत नव्हते. म्हणाला, "आई, शाळेला उशीर झाला का?" मी म्हटलं, "शाळा केव्हाच सुटली, राजा." दार कुठं, खिडकी कुठं, बघत राहिला. उभं केलं तर भिंतीला धरून चालला आणि मध्येच थांबला, पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते विसरल्यासारखा. घाबरला होता. मी त्याचा हात धरला तर सोडेना.

मग त्यानं विचारलं, "रोज असं व्हायचं?"

"रोज."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तू त्याला भास म्हणायचास."

इथं लिहिताना त्यानं चष्मा पुसला. तेही लिही म्हटलं. लिहीत नव्हता. लिहिलं.

गोळ्या डॉक्टर घेऊन गेले. सॉस आजपासून मी करणार, घड्याळबाईनं फक्त पातेलं धरायचं. पण माझा शब्द बाकी आहे. त्यानं खाल्लं, आता मला जायला हवं, भिंगरे. दिलेला शब्द मोडायला मी काय तुझा तो आहे, ज्याच्या आईची जेवायला यायची तारीख दर आठवड्याला बदलते? सकाळपासून म्हणते आहे, बॅग दाराशी आहे, ऊठ, गाडी काढ. म्हणतो, आधी पत्र पुरं होऊ दे. झालं आता पुरं. तुला खाली काही लिहायचं असेल तर लिही रे, आणि चल.

आजी

भिंगरी,

काल रात्री आई झोपली, आपली आपण. तेव्हा मी बॅग रिकामी केली आणि कपडे तिच्या कपाटात परत लावले. तिला अजून सांगितलेलं नाही. उचलेल तेव्हा हाताला कळेल.

काका